बीमला प्रश्न कसा विचारायचा?

इंदूर

चि. ताईस,


तुझं पत्र पोचलं. इंटरला एमपीसी, म्हणजे गणित-भौतिक-रसायन, घेतल्याचं तुझ्या आईकडून कळलंच होतं, पण खरा आनंद झाला तो तुझ्या प्रश्नाने. तू विचारलंस, ‘मामा, तुमच्या त्या यंत्रातले इलेक्ट्रॉन दिसत नाहीत, थांबत नाहीत आणि मध्ये काही आडवं घातलं तर संपतात. मग ते कसे वागतायत हे तुम्हाला कळायचं कसं?’ तेलंगणातल्या नेरडीगोंड्यात तुझी शाळा तेलुगूत झाली, कॉलेज इंग्रजीत चाललंय आणि घर मराठीत आहे. हा प्रश्न तू घरच्या भाषेत विचारलास, म्हणून उत्तरही त्याच भाषेत देतो. आकडे मात्र नुसते वाचू नकोस, वहीत स्वतः मांडून बघ.

आधी यंत्राची ओळख करून देतो. इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र १९८४ साली सुरू झालं. तेव्हा त्याचं नाव सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी असं होतं, म्हणून जुनी माणसं अजून ‘कॅट’च म्हणतात. दिलीप भवाळकर हे त्याचे पहिले संचालक. इथे १९९९ साली इंडस-१ चालू झाली, भारतातली पहिली सिंक्रोट्रॉन रिंग. परीघ जेमतेम १९ मीटर. तिच्या पाठोपाठ मोठी बहीण इंडस-२ आली. तिचा परीघ १७२.४७ मीटर, आणि २००५ च्या अखेरीस तिच्यात पहिल्यांदा बीम, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत, साठवला गेला. इलेक्ट्रॉन आधी मायक्रोट्रॉनमध्ये २ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत जातात, मग बूस्टरमध्ये ५५ कोटींपर्यंत, आणि शेवटी मोठ्या रिंगमध्ये चढत चढत २५० कोटींपर्यंत. तिथे ते तासन् तास फिरत राहतात. अशा रिंगला स्टोरेज रिंग म्हणतात.

ती कशासाठी? वळणावर इलेक्ट्रॉन प्रकाश फेकतो, त्यात एक्स-रे असतात, आणि त्या एक्स-रेंनी प्रथिनांच्या स्फटिकांपासून धातूंच्या मिश्रणांपर्यंत काहीही आतून तपासता येतं. देशभरातले विद्यार्थी आपापले नमुने घेऊन इथे येतात. त्यांचा नमुना रिंगपासून समज २५ मीटरवर आहे आणि इलेक्ट्रॉनची दिशा रेडियनच्या लाखाव्या भागाने ढळली. तर प्रकाश नमुन्यावर पाव मिलिमीटर सरकतो. नमुनाच मुळात त्याहून बारीक असेल तर त्या मुलाची रात्र वाया गेली. म्हणून बीम कुठे आहे, केवढा आहे, किती वेळ टिकेल, हे सगळं सतत मोजावं लागतं.

पहिला प्रश्न, इलेक्ट्रॉन आहेत किती? प्रकाशाच्या वेगाला १७२.४७ मीटरने भाग. सेकंदाला सुमारे १७ लाख ३८ हजार फेऱ्या होतात, म्हणजे एका फेरीला ५७५ नॅनोसेकंद. आता रिंगमध्ये १०० मिलिअँपिअर करंट आहे असं धर. करंटला फेरीच्या वेळेने गुण, एका इलेक्ट्रॉनच्या विद्युतभाराने भाग. उत्तर येईल सुमारे ३६ हजार कोटी इलेक्ट्रॉन. आकडा दणदणीत वाटतो, पण पाण्याच्या एका थेंबात याच्या अब्जावधी पट इलेक्ट्रॉन असतात.

हा करंट मोजायला अ‍ॅमीटर जोडता येत नाही, कारण तार कापून मध्ये घालायला तारच नाही. निर्वात नळीभोवती चुंबकीय गाभ्याचं कडं बसवतात. साधा ट्रान्सफॉर्मर फक्त बदलत्या करंटला दाद देतो. तासन् तास जवळपास तेवढाच राहणारा करंट त्याला कळत नाही. यावरची युक्ती जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत क्लाउस उन्सर यांनी तिथल्या आयएसआर या रिंगसाठी बसवली. गाभ्याला बाहेरून आलटून पालटून चुंबकीय करत राहायचं. आत बीम नसेल तर दोन्ही बाजू समसमान राहतात. बीम असेल तर हे समसमानपण मोडतं. मग बाहेरून उलटा करंट सोडून ते पुन्हा जुळवायचं. जुळवायला जेवढा करंट लागला, तेवढाच आत फिरतोय. बीमला हात न लावता, त्याच्यामुळे बिघडलेला तोल सावरताना त्याचं माप मिळालं.

दुसरा प्रश्न, बीम नळीत नेमका कुठे आहे? नळीच्या भिंतीत बटणाएवढे चार धातूचे तुकडे बसवलेले असतात. इलेक्ट्रॉनचा गठ्ठा, आम्ही त्याला बंच म्हणतो, जवळून गेला की बटणावर विजेचा ठोका उमटतो. बंच उजवीकडे सरकला तर उजव्या बटणांचा ठोका मोठा, डाव्यांचा लहान. दोहोंची वजाबाकी करायची, बेरजेने भागायचं. भागायचं एवढ्यासाठी की करंट कमी झाला तरी जागेचं उत्तर बदलू नये. बटणं बरोबर डाव्या-उजव्या टोकांना का बसवत नाहीत, सांग बरं? कारण आडव्या पातळीतच सिंक्रोट्रॉनचा प्रकाश सुटतो आणि तो बटणावर पडला तर माप बिघडतं. म्हणून बटणं तिरपी, दोन वर आणि दोन खाली. इंडस-२ च्या परिघावर अशी कित्येक ठिकाणं आहेत, आणि आम्ही मायक्रॉनच्या भाषेत बोलतो. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन.

इथवर सगळं सरळ आहे. खरी गंमत पुढे आहे. एकही इलेक्ट्रॉन ठरलेल्या वाटेवरून काटेकोर जात नाही. तो वाटेच्या आजूबाजूला हेलकावत जातो. क्वाड्रुपोल चुंबक त्याला वारंवार मध्याकडे ओढतात, तो पलीकडे जातो, पुन्हा ओढला जातो. या हेलकाव्यांना बीटाट्रॉन आंदोलनं म्हणतात, कारण त्यांचं गणित डोनाल्ड कर्स्ट आणि रॉबर्ट सर्बर यांनी १९४१ मध्ये बीटाट्रॉन नावाच्या यंत्रासाठी मांडलं होतं. एका फेरीत किती हेलकावे होतात त्या आकड्याला ट्यून म्हणतात. इंडस-२ मध्ये आडवे हेलकावे सव्वानऊच्या आसपास, उभे सहाहून थोडे जास्त.

हा आकडा पूर्णांक आला तर घात होतो. नागपंचमीचा झोका आठव. झोका दर वेळी परत येताना तू नेमका त्याच क्षणी हलका धक्का दिलास तर तो वाढत वाढत फांदीला लागतो. रिंगमध्ये एखाद्या चुंबकात किंचित खोट असतेच आणि इलेक्ट्रॉन दर फेरीला तिच्यावरून जातो. ट्यून पूर्णांक असेल तर दर फेरीला तो हेलकाव्याच्या त्याच टप्प्यावर तिथे पोचतो, तोच धक्का त्याच दिशेने बसतो, आणि काही फेऱ्यांतच तो भिंतीवर आदळतो. ट्यूनचा अपूर्णांक अर्धा असेल तर क्वाड्रुपोलमधल्या खोटी असंच करतात. म्हणून ट्यून अशा धोक्याच्या आकड्यांपासून दूर ठेवायचा, आणि दूर आहे की नाही हे मोजत राहायचं.

तो मोजायचा कसा? इलेक्ट्रॉन हजारो कोटी, प्रत्येकाचा हेलकावा वेगळ्या टप्प्यावर. सगळे मिळून बटणांना शांत, सरळ बीमच दिसतो. म्हणून सगळ्यांना एकदम हलका झटका द्यायचा. मग सगळे एका तालात हेलकावतात आणि बटणांवर दर फेरीला जागा बदलताना दिसते. त्या आकड्यांच्या मालिकेतून वारंवारता काढायची. पण एक अडचण उरते. एकच बटणसंच बीमला फेरीतून एकदाच पाहतो, म्हणून मधले पूर्ण हेलकावे किती झाले हे त्याला कळत नाही, नुसता अपूर्णांक कळतो. त्यातही ०.२७ आहे की ०.७३, हे सांगता येत नाही. दोन्हीची खूण सारखीच उमटते. मग आम्ही काय करतो? आडव्या ट्यूनचा प्रश्न असेल तर आडव्या दिशेने बीम एकवटणाऱ्या क्वाड्रुपोलचा करंट जरासा वाढवतो. त्याने ट्यून वाढायलाच हवा. दिसणारा आकडा वाढला तर खरा ०.२७, घटला तर ०.७३. आणि पूर्णांकासाठी एखाद्या छोट्या सुधारक चुंबकाने कायमचा लहानसा वाकडेपणा द्यायचा आणि रिंगभर बीमची वाट किती वेळा वरखाली होते ते मोजायचं.

ताई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर खरं तर इथेच आहे. बीमकडे टक लावून बसून त्याचं वागणं समजत नाही. आपल्याला माहीत असलेला छोटासा त्रास त्याला द्यायचा आणि तो काय उत्तर देतो ते पाहायचं. त्याआधी, तो काय उत्तर देईल याचं भाकीत कागदावर मांडलेलं असायला हवं. भाकीत आणि उत्तर यांत जो फरक पडतो, त्यात आपल्याला न कळलेली गोष्ट दडलेली असते.

बीमची जाडी मोजायला मात्र तो स्वतःच दिवा घेऊन येतो. वळणावर सुटणारा हा प्रकाश डोळ्यांनी पहिल्यांदा दिसला २४ एप्रिल १९४७ रोजी, अमेरिकेत स्केनेक्टडी इथल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत. त्यांच्या छोट्या सिंक्रोट्रॉनची नळी काचेची होती, म्हणून दिसला. इंडस-२ मध्ये निदानासाठी दोन बीमलाइन राखून ठेवल्या आहेत, एक दृश्य प्रकाशाची आणि एक एक्स-रेची. एक्स-रे कशाला? दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मोठी, त्यामुळे बारीक बीमची प्रतिमा कडेने पसरते आणि बीम आहे त्याहून जाड दिसतो. एक्स-रेची तरंगलांबी खूप लहान, म्हणून सुईच्या टोकाहून बारीक छिद्रातून सोडले की खरी आकृती मिळते.

हाच प्रकाश बीमला शांतही करतो. इंडस-२ मध्ये एक इलेक्ट्रॉन दर फेरीला साधारण सव्वासहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा प्रकाशात घालवतो आणि रेडिओ लहरींच्या पोकळ्या ती भरून देतात. २५० कोटींना सव्वासहा लाखांनी भाग. चार हजार फेऱ्यांत, म्हणजे दोन-अडीच मिलिसेकंदांत, तो आपल्या सगळ्या ऊर्जेइतकी ऊर्जा एकदा खर्चून परत मिळवतो. ऊर्जा जाते ती तिरप्या वाटेने, भरून येते ती फक्त पुढच्या दिशेने. म्हणून हेलकावा दर फेरीला किंचित विरत जातो. आम्ही दिलेला झटका बीम काही मिलिसेकंदांत विसरतो. त्यामुळेच न घाबरता त्याला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारता येतात.

तरी इलेक्ट्रॉन हळूहळू कमी होतातच. कुठे जातात? काही नळीत उरलेल्या वायूच्या रेणूंवर आदळतात. काही एकाच बंचमध्ये एकमेकांवर आदळतात. एकाची ऊर्जा वाढते, दुसऱ्याची घटते, आणि दोघेही रिंगबाहेर जातात. हा दुसरा प्रकार ब्रूनो टूशेक यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांच्या पुढाकाराने १९६१ मध्ये इटलीतल्या फ्रास्कातीला आडा ही जगातली पहिली इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन स्टोरेज रिंग उभी राहिली. पुढे ती फ्रान्समध्ये ओर्से इथे नेल्यावर, १९६३ मध्ये, करंट वाढला की बीमचं आयुष्य घटतं असं दिसलं, आणि टूशेक यांनी त्याचं कारण ओळखलं. आपल्या रिंगमध्ये दोन्हींपैकी कोण जास्त खातंय हे कसं कळणार? तेवढाच करंट निम्म्या बंचमध्ये भरून पाहायचा. गर्दी वाढल्यावर आयुष्य आखडलं तर टूशेक. फारसा फरक पडला नाही तर निर्वाताकडे लक्ष द्यायचं. इथेही पद्धत तीच, त्रास देऊन उत्तर ऐकायचं.

आता तू म्हणशील, बटणंच चुकीची बसली असतील तर? रास्त शंका आहे, आणि बसवणाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी थोडी चूक राहतेच. तेव्हा बीमलाच साक्षीला बोलवतात. एका क्वाड्रुपोलचा करंट कमीजास्त करायचा. बीम त्याच्या बरोबर मध्यातून जात असेल तर बीमची वाट हलत नाही. बाजूने जात असेल तर हलते. वाट हलायची थांबेपर्यंत बीम सरकवत न्यायचा. त्या वेळी शेजारचं बटण जो आकडा दाखवेल, तो त्या बटणाचा खरा शून्य. आणि अख्ख्या रिंगची तपासणी करायची तर प्रत्येक सुधारक चुंबक एकेक करून हलवायचा आणि प्रत्येक बटणाचं उत्तर टिपायचं. पन्नास बटणसंच आणि ऐंशी-नव्वद सुधारक धरलेस तर चार हजारांहून जास्त आकडे होतात. जेम्स सॅफ्रानेक यांनी अमेरिकेतल्या ब्रुकहेवनच्या रिंगवर दाखवून दिलं की एवढ्या आकड्यांशी संगणकातली रिंग जुळवत नेली की कोणता चुंबक किती कमजोर आणि कोणतं बटण किती खोटं बोलतं, हे दोन्ही एकदमच बाहेर येतं. त्यांचा हा लेख १९९७ चा. आज जगभरच्या रिंगांमध्ये ही पद्धत चालते.

फरकाचा पाठलाग केल्यावर माणूस कुठे पोचतो याची गोष्ट सांगतो. जिनिव्हाजवळ सर्नची लेप नावाची रिंग होती, परीघ जवळपास २७ किलोमीटर. तिथे बीमची ऊर्जा फार बारकाईने मोजायची होती, कारण झेड नावाच्या कणाचं वस्तुमान त्यावर अवलंबून होतं. ऊर्जा दिवसभरात थोडी वरखाली व्हायची. १९९२ मध्ये पक्कं झालं की कारण चंद्र आहे. भरती-ओहोटी समुद्रालाच येते असं नाही, जमिनीलाही येते. रिंगचा परीघ त्याने साधारण एक मिलिमीटर बदलायचा. रेडिओ लहरींची वारंवारता ठरलेली असल्याने बीमच्या वाटेची लांबी तीच राहायची, चुंबक मात्र त्याच्याखालून सरकायचे, आणि ऊर्जा बदलायची. पुढे १९९५ मध्ये चुंबकांत आणखी एक बारीक गडबड सापडली. दिवसा असायची, मध्यरात्रीनंतर काही तास थांबायची. ती होती आगगाड्यांची. रुळांतून जमिनीत झिरपलेली वीज रिंगच्या नळीतून वाट काढत होती. फ्रान्समध्ये रेल्वेचा संप झाला त्या दिवशी गडबडही बंद. २७ किलोमीटरमधला मिलिमीटर ‘सोडून दे’ म्हणून कुणी सोडला असता, तर यातलं काहीच कळलं नसतं.

असल्या कामात मराठी मुलुखातून आलेली खूप माणसं आहेत, आणि पुढचं काम तर तुझ्या दाराशीच आलंय. निर्मल, भैंसा, नांदेड करत गेलीस की हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभारायची आहे. तिच्या प्रत्येकी चार किलोमीटरच्या दोन भुजांमधून लेझर फिरेल आणि गुरुत्वीय लहरींनी झालेला, अणुगर्भाहूनही कितीतरी लहान असा फरक टिपायचा आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. पुण्याचं आयुका, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि आमचं इंदूरचं केंद्र त्यात आहेत. नेरडीगोंड्यावरून जाणाऱ्या ४४ नंबरच्या हायवेवर ट्रक गेला की खिडकीची काच थरथरते ना? तसली थरथरही तिथे मोजून, ओळखून बाजूला काढावी लागणार आहे. तिथे लागणारी माणसं आज तुझ्याएवढी आहेत.

तेव्हा नुसतं पाठ करू नकोस. कुंटाला धबधबा पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना तू वाट दाखवतेस, तशी एकदा स्वतःलाही मोजमापाची वाट दाखव. दोरीला दगड बांधून लंबक कर. दोरीची लांबी बदलली तर आंदोलनाचा काळ किती होईल हे पुस्तकातल्या सूत्रावरून आधी लिहून ठेव, मग घड्याळ लावून मोज. मग दगड बदल, हेलकावा मोठा कर, आणि दर वेळी आधी भाकीत लिही. वहीत तीन रकाने असू देत: भाकीत, माप आणि फरक. ती वही मला पाठव. तिसऱ्या रकान्यात सगळी शून्यं दिसली तर ते माप खरं आहे यावर मी विश्वास ठेवणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

तुझा,
इंदूरचा मामा